माणसं सांभाळणाऱ्या माणसाची नोंद

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या सासऱ्यांच्या निधनाची बातमी नुकतीच आपल्या दैनिकात आली. नाव, वय, नोकरीतला हुद्दा आणि शेवटी ‘पश्चात पत्नी, दोन मुलगे, मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे’. त्यात चूक काहीच नाही. रोज अशा कितीतरी बातम्या येतात, जागा मोजकी असते, हेही समजतं. पण ज्या कामात अण्णांनी उभं आयुष्य घातलं, त्याचा त्या चार ओळींत उल्लेख नाही. नोकरी त्यांनी इमानेइतबारे केली. तरी त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, हुद्दा क्वचितच आठवेल. आठवेल तो त्यांचा फोन.

अण्णांकडे एक जाड वही होती. तिच्यात माणसागणिक नाही, घरागणिक एक पान. फोन नंबर पेन्सिलीने लिहिलेले, कारण नंबर बदलतात आणि खोडता आले पाहिजेत. नंबरांखाली बारीक अक्षरात टिपणं असायची : ‘धाकटीची दहावी’, ‘डोळ्याचं ऑपरेशन, आठवड्याने विचारणे’, ‘थोरल्याशी अबोला, विषय काढू नये’. विचारपूस झाली की त्या टिपणावर एक आडवी रेघ ओढायची, पण मजकूर वाचता येईल अशी. सकाळी पेपर वाचून झाला की वही मांडीवर घेऊन ते बसत. फोन लांबलचक नसायचा. डोळ्याचं विचारायचं तर आधी डोळ्याचं विचारणार, बाकी गप्पा मागाहून. समोरच्याला कळायचं, की या माणसाच्या लक्षात आहे.

त्यांना सगळे मनमिळाऊ म्हणायचे. ते होतेच. पण मला वाटतं, स्वभावाचं कौतुक करताना त्यामागची मेहनत आपल्या नजरेतून सुटते. लक्षात ठेवणं, वेळेवर विचारणं, कुठे गप्प बसायचं हे जाणणं, कंटाळा आला तरी जाऊन येणं, हे सगळं काम आहे. कॅरोलिन रोझेन्थाल या कॅनडातल्या समाजशास्त्रज्ञ. नातेवाइकांना एकमेकांशी जोडून ठेवणं हे कुटुंबातलं एक स्वतंत्र काम आहे आणि ते बहुतेक घरांत बायकांच्याच वाट्याला येतं, असं त्यांनी 1985 मध्ये आपल्या अभ्यासातून दाखवून दिलं. आमच्याकडे ते एका पुरुषाने केलं, तेही कुणी न सांगता. म्हणून मला त्याची नोंद अधिकच महत्त्वाची वाटते.

सून म्हणून आणखी एक सांगते. माणसांची आवड असलेल्या पुरुषांच्या घरात त्या आवडीची किंमत पुष्कळदा बायका मोजतात. हे बैठकीत रंगलेले आणि त्या आत राबताहेत, असं चित्र नवीन नाही. अण्णांकडे कुणी मुक्कामाला येणार असेल तर अंथरूण-पांघरूण तेच काढायचे, आल्यागेल्याचे कप तेच विसळायचे आणि कुणाला बोलावण्याआधी ‘आज तुम्हाला जमेल का?’ असं सासूबाईंना खरोखर विचारायचे. ‘नाही’ म्हटलं तर बेत पुढे जायचा, चेहरा उतरायचा नाही. बाहेर बोलका आणि घरात घुमा, असाही प्रकार नव्हता. नातवंडांच्या मित्रांची नावं, त्यांच्यातली भांडणं, कोण कुणाशेजारी बसतं, सगळं त्यांना ठाऊक असायचं. मुलंही आईबापांच्या आधी त्यांना सांगत, कारण ऐकून झाल्यावर ते लगेच उपदेश करत नसत.

आमच्या नात्यातल्या दोन भावांचं जमिनीवरून बोलणं बंद झालं होतं. अण्णा दोघांकडे जात राहिले. वादाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. याच्या घरी बसलं की त्याच्या मुलाच्या नोकरीचं सांगायचं, त्याच्याकडे गेलं की याच्या गुडघ्याचं. तेवढंच. पुढे एक जण रुग्णालयात दाखल झाला, तेव्हा दुसरा तिथे न विचारता पोचला. कुठल्या मजल्यावर, कुठल्या खोलीत, हे त्याला अण्णांनी आदल्या दिवशी बोलता बोलता सांगून ठेवलं होतं. जमिनीचा वाद अजून आहे. पण त्या दिवसापासून ते दोघे बोलतात.

अशा माणसामुळे फक्त बरं वाटतं असं नाही, त्यावर आयुष्य अवलंबून असतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 148 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत मिळून तीन लाखांहून अधिक माणसं होती. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे 50 टक्क्यांनी जास्त आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 च्या अहवालात म्हटलं आहे, की जगात सहापैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि वर्षाला सुमारे 8 लाख 71 हजार मृत्यूंचा संबंध त्याच्याशी आहे. हे आकडे वाचले तेव्हा मला त्या वहीतली एकट्या राहणाऱ्यांची पानं आठवली. त्या पानांवर रेघा सगळ्यांत जास्त आहेत.

अण्णा गेल्यावर घरात जी पोकळी जाणवली ती आम्हाला अपेक्षित होती. जी नव्हती ती नात्यात जाणवली. एका आत्याबाईंच्या आजारपणाची बातमी त्यांच्याच सख्ख्या पुतण्याला फार उशिरा कळली. दोघांचं वैर नाही, दुरावा नाही. इतकी वर्षं दोघांनाही एकमेकांची खबर अण्णांकडून मिळत होती, म्हणून थेट फोन करायची गरजच पडली नव्हती. मग आम्ही वही मधे ठेवून बसलो आणि पानं वाटून घेतली. माझे यजमान आणि दीर यांनीही घेतली, आणि अवघड घरं मुद्दाम त्यांच्याकडेच दिली. नणंदबाईंनी एकट्या राहणाऱ्यांची यादी स्वतःकडे ठेवली. अण्णांसारखं जमत नाही. यजमान अजून आधी हवापाण्याचं बोलतात आणि गुडघ्याचं शेवटी विचारतात. पण फोन जातात.

आता आपल्याला विनंती. निधनाची माहिती घेताना नाव, वय, हुद्दा आणि परिवार विचारला जातो, तसाच आणखी एक प्रश्न विचारता येईल का : ही व्यक्ती कुणाकुणाची विचारपूस करत असे? उत्तरात कधी शेजारची आजी येईल, कधी बदली होऊन गेलेला सहकारी, कधी दुरावलेला भाऊ. ज्यांनी पदं भूषवली त्यांच्यावर लेख येतात, ते यावेतच. ज्यांनी फक्त माणसं सांभाळली, त्यांच्यासाठी लेख नको; एक ओळ पुरेल.

आपली नम्र,
एक वाचक