थायरॉइडची गोळी आणि इमॅटिनिब : वसुधास पत्र

धरमपेठ, नागपूर
१२ एप्रिल

प्रिय वसुधा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे रिपोर्ट मिळाले. बीसीआर-एबीएलचा, म्हणजे तुझ्या रक्ताच्या कॅन्सरच्या खुणेचा, आकडा ठरल्याप्रमाणे उतरतो आहे, ही त्यातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. ती मनात धरूनच पुढचे वाच. टीएसएच (थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की वाढणारा आकडा) मात्र २.४ वरून १८ वर गेला आणि त्यावर तुला “गोळी रोज घेता ना?” एवढेच विचारले गेले, याचे मला वाईट वाटले. तुझ्या नियमितपणावर शंका घेण्याआधी इमॅटिनिबकडे, म्हणजे तुझ्या कॅन्सरच्या गोळीकडे, पाहायला हवे होते.

तुझी थायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली आहे, हा यातला कळीचा मुद्दा. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २००५ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. इमॅटिनिब सुरू झाल्यावर, ज्यांची ग्रंथी काढलेली होती आणि जे थायरॉक्सिनच्या, म्हणजे थायरॉइड संप्रेरकाच्या, गोळीवर होते, त्यांचा टीएसएच वाढला. ज्यांची ग्रंथी शाबूत होती त्यांचा वाढला नाही. या औषधामुळे शरीरातून थायरॉक्सिनचा निचरा जलद होत असावा, असे त्याचे कारण सांगितले जाते. शाबूत ग्रंथी जास्त काम करून ती तूट भरून काढते. तुझी आवक मात्र पेन्शनसारखी ठरलेली, खर्च वाढला की ओढाताण होणारच. इमॅटिनिबच्या माहितीपत्रकातही अशा रुग्णांचा टीएसएच तपासत राहावा, अशी सूचना आहे. औषधाच्या दुकानात माझे आयुष्य गेले. ते घडी घातलेले पत्रक उलगडून वाचणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटले, म्हणून हे इतके सविस्तर लिहिते आहे.

गोंधळ वाढतो तो लक्षणांमुळे. थकवा, डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे येणे, वजन वाढणे, हे सारे इमॅटिनिबनेही होते आणि थायरॉक्सिन कमी पडल्यानेही होते. त्यामुळे रुग्ण आणि डॉक्टर दोघेही सगळा दोष कॅन्सरच्या गोळीला देऊन मोकळे होतात, आणि मग कोणीतरी ती गोळी कमी करण्याचा विचार बोलून दाखवतो. तो विचार तू मनातही आणू नकोस. ज्या औषधाने रक्त ताळ्यावर येत आहे ते तसेच राहू दे. बदल लागला तर थायरॉक्सिनच्या मात्रेत करावा लागेल, आणि तोही डॉक्टरांनीच. आपल्या मनाने मात्रा वाढवलीस तर धडधड सुरू होईल आणि पुढे हाडांवरही परिणाम होईल. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायचा. त्याआधीचा आकडा फसवा असतो. उद्या इमॅटिनिब बंद झाले किंवा बदलले, तर वाढवलेली मात्रा उतरवावी लागू शकते, आणि नेमके हेच पुष्कळदा विसरले जाते. त्याच्या जागी निलोटिनिब किंवा डासाटिनिब हे त्याच गटातले औषध आले तरी थायरॉइडवर लक्ष ठेवावेच लागेल, कारण ती औषधे शाबूत ग्रंथीचेही काम कमी किंवा जास्त करू शकतात.

वेळेबद्दल विचारलेस. थायरॉक्सिन पहाटे उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता किमान अर्ध्या तासाने, तासाभराने झाला तर उत्तम. इमॅटिनिब मुख्य जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्याने, नाहीतर मळमळ होते. शस्त्रक्रियेपासून तुझी कॅल्शियमची गोळी चालू आहे. तिच्यात आणि थायरॉक्सिनमध्ये चार तासांचे अंतर हवे, लोहाच्या गोळीचेही तसेच. अॅसिडिटीसाठी तू पॅन्टोप्राझोल सुरू केल्याचे लिहिले आहेस. त्यानेही थायरॉक्सिन कमी शोषले जाते, तेव्हा ते डॉक्टरांच्या कानावर घाल. केसांसाठी बायोटिन घेत असशील तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेव, कारण काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत त्याने टीएसएचचा आकडा खोटाच कमी दिसतो.

संत्री सोडावीत का, हा तुझा प्रश्न वाचून मला हसू आले. नागपूरला येऊन संत्री वर्ज्य करायची म्हणजे शिक्षाच! मनाई आहे ती ग्रेपफ्रूटला, कारण इमॅटिनिबचे विघटन करणारे एन्झाइम त्याने अडते आणि रक्तातले औषध वाढते. त्याच्या जातकुळीतले पपनसही टाळ. आपले संत्रे त्यात मोडत नाही, खुशाल खा. गुळवेलीचा काढा मात्र ताबडतोब थांबव. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातच झाल्या आहेत आणि इमॅटिनिबवर असताना यकृत आधीच सांभाळावे लागते. क्षयाचे रिफाम्पिसिन किंवा फिटचे फेनिटॉइन कधी कोणी लिहून दिले, तर आधी रक्ताच्या डॉक्टरांना विचार. या औषधांनी इमॅटिनिबचा असर घटतो, आणि थायरॉक्सिनची गरजही वाढू शकते.

आता उन्हाळा आहे. पारा पंचेचाळिशीकडे निघाला की थायरॉक्सिनची बाटली स्वयंपाकघरात किंवा गाडीत ठेवू नकोस, उष्णतेने आणि दमटपणाने तिचा गुण कमी होतो. बाटलीचे झाकण घट्ट लाव आणि शक्यतो एकच कंपनी कायम ठेव.

पुढच्या तपासणीला येशील तेव्हा आदल्या दिवशीच ये. दोन्ही डॉक्टरांची औषधे एकाच कागदावर वेळेसह लिहून देते, म्हणजे दोघांसमोर तोच कागद ठेवता येईल. टीएसएचबरोबर फ्री टी-४ही (रक्तातल्या मोकळ्या थायरॉक्सिनची तपासणी) करून आण.

तुझी,
सुनंदा