पाण्यात पाय पडल्यानंतरचे ७२ तास

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

जोराचा पाऊस झाला की ठाण्याजवळच्या दिवा, मुंब्रा, कळवा इथल्या सखल वस्त्यांत गुडघाभर पाणी साचते. लोकल थांबल्या की माणसे त्याच पाण्यातून चालत घर गाठतात. त्यात उंदीर, कुत्री, गुरे यांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायाला साधी चीर असली तरी लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरू शकतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या आजाराने काय केले, ते मुंबई-ठाण्यातली माणसे विसरलेली नाहीत.

साहेब, हा आजार टाळायला औषध आहे. डॉक्सिसायक्लिनची गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पण पाण्यात पाय पडल्यापासून ७२ तासांच्या आत ती घ्यायला हवी. जखम नसलेल्या प्रौढाला २०० मिलिग्रॅमचा एकच डोस पुरतो, जखम असेल तर ३ दिवस, आणि वारंवार पाण्यात उतरावे लागणाऱ्याला आठवड्यातून एकदा असे ६ आठवडे. गरोदर स्त्रिया व ८ वर्षांखालील मुलांसाठी अॅझिथ्रोमायसिन. हे सारे ठरलेले आहे. अडते ते गोळी माणसापर्यंत पोहोचण्यात. पाण्यातून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर निघतो. अंगात ताप नसताना, रोजंदारी बुडवून, ओपीडीच्या रांगेत तो कशाला उभा राहील? ताप येतो बहुधा ५ ते १४ दिवसांनी. रुग्ण सापडल्यावर मोहीम काढली, तर ज्यांना वाचवायचे त्यांची मुदत केव्हाच टळून गेलेली असते.

म्हणून मोहीम पावसाला जोडा, रुग्णसंख्येला नको. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की त्याच दिवशी गोळ्या आशाताईंकडे पोहोचाव्यात, आणि पाणी साचल्याच्या संध्याकाळपासून दिवा, मुंब्रा, कळवा स्थानकांबाहेर डॉक्टरसह टेबल लागावे, रात्रीच्या शेवटच्या लोकलपर्यंत. नालेसफाईच्या कंत्राटी कामगारांना गोळी हजेरीच्या जागीच मिळावी. त्यांचा धोका सर्वांत मोठा, आणि विचारपूस सर्वांत कमी.

आणखी एक. अँटिबॉडीची तपासणी आजाराच्या पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते. वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना आपल्या खात्याने स्पष्ट लेखी कळवावे, की पाण्यातून चालल्याचे रुग्णाने सांगितले आणि लक्षणे जुळली, तर रिपोर्टसाठी थांबू नका, उपचार सुरू करा. उशीर झाला तर मूत्रपिंडे, यकृत, फुप्फुसे धोक्यात येतात.

पुढच्या पावसाळ्याच्या तयारीच्या बैठकीत हे आदेश निघावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
ठाण्यातील एक रहिवासी