मशिनगनच्या आधीच्या दोन खेपा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निमजचे (ता. संगमनेर) शिपाई नामदेव जाधव यांची आठवण निघाली, की त्यांनी दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची तीन मशिनगन ठाणी कशी मोडून काढली तेवढेच सांगितले जाते. त्याआधी त्यांनी जे केले ते मला त्याहून मोठे वाटते, म्हणून हे पत्र.

9 एप्रिल 1945 ची संध्याकाळ, इटलीतील सेनिओ नदी. पात्र जेमतेम 15 फूट रुंद, पाणी 4-5 फूट. पण दोन्ही काठांना 30-35 फूट उंच, उभ्या चढाचे पूरबांध आणि ते पोखरून जर्मनांनी केलेली ठाणी. पूर्वेच्या बांधाला नदीच्या अंगाने सुरुंगही पेरलेले. मराठा लाइट इन्फंट्रीचे जाधव तेव्हा 23 वर्षांचे, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. त्यांची तुकडी नदी ओलांडून पश्चिमेला लागते न लागते तोच मागून, पूर्वेच्या बांधातूनच, गोळीबार सुरू झाला. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. जाधव सोडून बाकीचे सगळे ठार झाले.

जाधवांनी एका जखमीला उचलले आणि ज्या बांधातून गोळ्या येत होत्या त्याच बांधाकडे ते परत निघाले. पाणी, मग सुरुंगांचा पट्टा, मग तो उभा चढ. वरून उखळी तोफांचा मारा चालूच. त्याला सुखरूप पोचवले आणि दुसऱ्यासाठी ते पुन्हा नदीत उतरले. पहिल्या खेपेला विचार करायला उसंत मिळाली नसेलही, पण दुसऱ्या खेपेला वाटेत काय आहे ते त्यांना पुरते ठाऊक होते. तरी गेले!

ठाण्यांवर ते चालून गेले ते यानंतर. हात जखमी झाल्यावर टॉमीगन (हातात धरून चालवायची छोटी मशिनगन) टाकून हातबॉम्ब घेतले, आणि शेवटी बांधावर उघड्यावर उभे राहून, मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला.

ती लढाई इंग्रजांची होती, असे म्हणून काहीजण हा विषय बाजूला सारतात. मला ते पटत नाही. युद्ध कोणाचेही असो, पाण्यातून काढलेली ती दोन माणसे जाधवांच्या सोबतची होती.

येत्या 9 एप्रिलला आपण त्यांच्या शौर्यपदकाचे मानपत्र मराठीत पूर्ण छापावे, ही विनंती. आमच्या भागातल्या शाळांना ते परिपाठात वाचता येईल.

– एक वाचक, संगमनेर