बाळ रडत नाही म्हणालीस म्हणून

लाडके मनू,

काल फोनवर तू म्हणालीस ना, "आई, बाळ किती गुणी आहे गं, रडतच नाही", तेव्हापासून जीवाला चैन नाही म्हणून लिहितेय. घाबरवायला नाही.

तू पण अशीच गुणी झाली होतीस. आदल्या रात्री पाचवी पुजलेली, घरात पाहुणे, जो तो म्हणतोय काय शांत पोर आहे. मला एवढंच कळत होतं की सकाळपासून तू दूध ओढत नाहीयेस, दोन घोट झाले की मान टाकायचीस, आणि पाय तर पाय, पोटसुद्धा गार. ताप अजिबात नव्हता. आधी दाखवलं तिथे म्हणाले थंडीचे दिवस आहेत, गुंडाळून ठेवा. तुझी आजी ऐकेना, ती म्हणाली लेकरू दूध सोडतं म्हणजे काहीतरी आहे, आणि तिनेच रिक्षा थांबवली.

सेप्सिस निघालं, म्हणजे रक्तातलं इन्फेक्शन. तुझा हात पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटपट्टीने बांधलेला, त्यात सलाईनची सुई, आणि मी वाटीत दूध काढून द्यायचे ते सिस्टर नळीने पाजायच्या. असे चौदा दिवस.

तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की एवढ्याशा जीवाची प्रतिकारशक्तीच कच्ची असते, त्यामुळे ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडतं. पहिल्या ७२ तासांत झालं तर जंतू बहुतेक आईकडून आलेले असतात, नंतरचे बाहेरचे, हातांचे, नाळेचे. म्हणून नाळेला हळद, तेल काही लावू नकोस, कोणी कितीही सांगितलं तरी, आणि बाळाला घेणाऱ्या प्रत्येकाला आधी साबणाने हात धुवायला लाव, राग आला तर येऊ दे. ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तात कोणते जंतू आहेत ते बघतात त्या तपासणीचा, रिपोर्ट यायला दोनतीन दिवस लागतात, तोवर थांबायचं नसतं, संशय आला की अँटिबायोटिक आधीच सुरू करतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना हे ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं, नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलंय. त्या बायका काय बघायच्या, तर दूध ओढणं कमी झालंय का, रडणं क्षीण झालंय का, हातपाय ढिले पडलेत का. हे तुलाही जमेल गं.

श्वास पूर्ण एक मिनिट मोज, बाळ शांत असताना, ६० किंवा जास्त आले, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, नाळेतून पू येत असेल किंवा दूध सोडलं असेल तर रात्रीचे दोन वाजले तरी हॉस्पिटल गाठ, सकाळची वाट बघू नकोस.

आत्ता हे वाचलंस की आधी त्याच्या पोटाला हात लाव, छातीला घे, आणि कसं ओढतंय ते मला फोन करून सांग.

आई