सीलपॅक पार्टचंही वय होतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत क्लासिक गाड्यांवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, माहितीही बरीचशी बरोबर होती, पण त्यात एक वाक्य असं होतं की जुन्या गाडीसाठी कंपनीच्या डब्यातला न वापरलेला ओरिजिनल पार्ट कुठे मिळाला तर डोळे झाकून घ्या. ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून हे पत्र. अहो डोळे झाकून काय, चांगला चष्मा लावून आणि हातात बॅटरी घेऊन बघा मग घ्या. मी तसा डोळे झाकून घेतला होता, त्याची गोष्ट सांगतो.

माझ्याकडे एक जुनी गाडी आहे, कुठली ते जाऊ दे, विषय तो नाहीये. तिच्या ब्रेकच्या मास्टर सिलेंडरचं (पेडल दाबलं की ब्रेकच्या तेलावर, म्हणजे फ्लुइडवर दाब आणणारा भाग) रबरी किट शोधत होतो आणि एकाकडे चक्क जुन्या स्टॉकमधलं सीलपॅक मिळालं. डबा थोडा पिवळा पडलेला, पण कंपनीची पट्टी तशीच, आत मेणकागदात गुंडाळलेले रबरी कप, काळेभोर, चकचकीत. काय आनंद झाला म्हणून सांगू, डबा दोन दिवस टेबलावर ठेवून नुसता बघत होतो. मग बसवलं, ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढली, पेडल एकदम टणक. तीन आठवडे गाडी छान चालली आणि एक दिवस सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभा होतो तर पेडल हळूहळू खाली जायला लागलं. दाब सोडून परत मारला की वर, धरून ठेवला की परत खाली. बाहेर एक थेंब गळत नव्हता, बाटलीतली लेव्हलही जशीच्या तशी, म्हणजे फ्लुइड आतल्या आत कपच्या कडेने मागे पळत होतं. गाडी रांगत रांगत घरी आणली आणि सिलेंडर उघडला. कपचा जो पातळ ओठ असतो, जो सिलेंडरच्या भिंतीला चिकटून दाब धरतो, तो बोटांनी दुमडून बघितला तर दुमडल्या ठिकाणी केसासारख्या बारीक चिरा, आणि रबर प्लॅस्टिकसारखं कडक. वरून चकचकीत होतं ना, आता वाटतं ती चकाकीच फसवी होती. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे "सीलपॅक होतं हो, तुम्हीच बसवताना काहीतरी केलं असणार". विषय संपला.

आता हे असं का होतं. रबर म्हणजे काही लोखंडासारखी गप्प पडून राहणारी गोष्ट नाही. कच्च्या रबरात गंधक घालून तापवतात तेव्हा त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि ते लवचिक पण टिकाऊ होतं. पण हवेतला ऑक्सिजन पुढे आपलं काम करतच राहतो, नवे जोड बनतात, काही साखळ्या तुटतात, आणि रबर कडक तरी होतं नाहीतर चिकट तरी. डबा बंद आहे म्हणून हे थांबत नाही, कारण आतही हवा आहे आणि पुठ्ठ्यातून ती येत-जातही असते. शिवाय उष्णता. साधा ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की असल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे पत्र्याखाली माळ्यावर पडलेला डबा आणि थंड अंधाऱ्या कपाटातला डबा, दोघांवर तारीख एकच असली तरी वय एक नाही.

हवेतल्या ओझोन वायूचं तर अजून गमतीशीर आहे. तो सैल पडलेल्या रबराला फारसं काही करत नाही, पण रबर जरा ताणलेलं असेल तर ताणाच्या आडव्या दिशेने चिरा पाडतो. म्हणून ओ-रिंग (सील करायच्या गोल रबरी कड्या), बेल्ट खिळ्याला लटकवून ठेवायचे नाहीत, सपाट ठेवायचे. आपण मात्र नेमकं उलटं करतो, भिंतीवर ओळीने टांगतो आणि म्हणतो काय व्यवस्थित ठेवलंय बघा! आणि ठिणग्या उडणाऱ्या इलेक्ट्रिक मोटारी, वेल्डिंग यांच्यामुळे ओझोन तयार होतो, म्हणजे गॅरेजमध्ये वेल्डिंग मशीनच्या शेजारचं रॅक ही रबरासाठी सगळ्यात वाईट जागा.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाहीये. रबरी वस्तू कशा आणि किती दिवस साठवायच्या यावर आयएसओ २२३० नावाचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे. त्याच्या २००२ च्या आवृत्तीत नैसर्गिक रबर आणि एसबीआर (हे आणि पुढची सगळी नावं कृत्रिम रबरांची) यांना सुरुवातीची ५ वर्षं दिलीत, नायट्राइल आणि निओप्रीनला ७, ईपीडीएम, व्हायटन आणि सिलिकॉनला १०, तेही तापमान २५ अंशांच्या खाली, अंधारात, हवा दमट नसताना, आणि मुदत संपल्यावर तपासून पार्ट चांगला निघाला तर थोडी मुदतवाढ. आणि आपण ४० वर्षांपूर्वीचा कप ब्रेकमध्ये घालतोय! इतक्या वर्षांनीही एखादा पार्ट नीट निघतो, नाही असं नाही, पण ब्रेकमध्ये ती लॉटरी कशाला खेळायची.

टायरचंही तेच. "एकदाही रस्त्याला लागलेला नाही" हे ऐकून लोक खूश होतात, पण टायरच्या रबरात जे मेण घातलेलं असतं ते टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येत राहतं आणि ओझोनपासून वाचवतं. पडून राहिलेल्या टायरला ती सोयच नाही. २००० सालापासून टायरच्या कडेवर जो लांब कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३१७ असेल तर २०१७ चा २३ वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर गेल्या शतकातला, त्याची नक्षी कितीही कोरी असो, भिंतीला टेकवून शोभेला ठेवा.

बरं, एकटं रबरच दोषी असंही नाही. बेअरिंग घ्या, पॅकिंगमध्ये हातात घेतलं तर नवंकोरं, पण आतल्या ग्रीसमधलं तेल वर्षानुवर्षं पाझरून वेगळं होतं आणि मागे उरतो तो वाळलेला साबणासारखा थर. ते धुऊन, डाग नाहीत ना बघून, नवं ग्रीस भरलं तर बेअरिंग बहुतेक वेळा ठणठणीत निघतं. कॉर्कचं गॅस्केट सुकून आकसतं, बोल्टची भोकं जुळतच नाहीत, ते थोडा वेळ पाण्यात किंवा वाफेवर ठेवलं की बऱ्याचदा मापावर येतं. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटवर (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) पडून पडून पातळ थर चढतो, गाडी स्टार्ट होत नाही आणि माणूस कॉइल बदलत बसतो, बारीक पॉलिश पेपर फिरवला की काम झालं. त्या पॉइंटला जोडलेला कंडेन्सर मात्र बेभरवशाचा, जुन्यांमध्ये आत कागद असतो, सील सुटलं की तो दमट हवा ओढतो आणि गाडी गरम झाल्यावर मिसफायर सुरू. मीटरवर तपासल्याशिवाय लावू नका.

सगळ्यात वाईट वाटतं ते जस्ताच्या ओतीव पार्टचं. दाराच्या मुठी, कार्ब्युरेटरची बॉडी, बोधचिन्हं. जुन्या काळी जस्तात शिसं वगैरेची भेसळ राहून गेली असेल तर धातू आतूनच सडतो, कणांच्या सांध्यासांध्यातून, मग पार्ट फुगतो, वाकतो, चिरतो आणि शेवटी बिस्किटासारखा हातात चुरा होतो. यावर इलाज काही नाही. अतिशुद्ध जस्ताचे मिश्रधातू १९२९ पासून यायला लागले, त्यानंतर हळूहळू हा त्रास कमी झाला, पण त्याच्या आधीचा पार्ट घेताना कडा आणि स्क्रूची भोकं भिंगाखाली बघाच.

आणि तो डबा, ज्याच्यासाठी लोक जीव टाकतात (मीही टाकतो, खोटं कशाला बोलू), तो पुठ्ठाच कधीकधी शत्रू असतो. पुठ्ठा ओलावा धरतो, त्यात आम्ल असतं, आणि क्रोमच्या सूक्ष्म छिद्रांतून गंज खालून वर येतो. माझ्याकडच्या एका नव्या हेडलाइट रिंगवर पुठ्ठा जिथे टेकला होता बरोबर तेवढ्याच भागात टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके आहेत.

म्हणून म्हणतो, सीलपॅक आहे का हे विचारू नका, कशाचा बनलाय ते विचारा. गिअर, व्हॉल्व्ह, स्प्रिंग, पिस्टन, काच, तेल लावून ठेवलेले असतील तर खुशाल घ्या. रबर असेल तर जुना पार्ट फक्त मापासाठी, नमुन्यासाठी ठेवा आणि तसा नवा बनवून घ्या. मास्टर सिलेंडर तर जरूर जुना घ्या, पण बॉडीच, आतलं सगळं रबर नवं, आणि बोअरमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या पोकळीत, कप जिथे वर्षानुवर्षं बसून होता तिथे गंजाची रिंग आहे का ते नख फिरवून बघा, नख अडकलं तर आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, घालायला लागणार. नवे कपही तुमच्या फ्लुइडला चालणारेच हवेत, नेहमीच्या ग्लायकॉल फ्लुइडला जे रबर चालतं ते मिनरल ऑइल लागलं की फुगून बसतं.

तुमच्या छोट्या जाहिरातींमध्ये "न वापरलेला ओरिजिनल पार्ट" असं धडाधड छापून येतं. त्यात रबरी पार्ट असेल तर कधी बनला तेही लिहा असं जाहिरातदारांना सांगता आलं तर बघा, एक ओळ तर वाढेल. माझं ते किट मी फेकलं नाही, काचेच्या बरणीत घालून गॅरेजच्या दाराशी ठेवलंय, कोणी सीलपॅक म्हणालं की दाखवायला.

आपला,
एक जुना वाचक

ता.क. एक राहिलंच. जुन्या स्टॉकच्या ब्रेक शू आणि क्लच प्लेटच्या लायनिंगमध्ये (घासून पकड देणारा थर) ॲस्बेस्टॉस असू शकतं, ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, बराच काळ ते सर्रास वापरलं जायचं. ते बसत नाही म्हणून कानशीने घासू नका, ड्रमही हवेने फुंकू नका. शक्यतो लावूच नका, शू घेऊन नवं लायनिंग बसवून घ्या, आणि जुनं काढायचं काम ज्याच्याकडे धूळ आवरायची सोय आहे त्यालाच द्या.