तन्मय दिवाळीनंतर आचऱ्याला येणार नाही

रत्नागिरी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

तन्मयला दिवाळीनंतर आचऱ्याला आणून सोडते, असे मी फोनवर म्हटले होते. तो आता येणार नाही. हे सांगण्यासाठी मी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा आईने त्याच्यासाठी नाचणी दळून ठेवल्याचे सांगितल्यावर माझा धीर झाला नाही, म्हणून लिहिते आहे. पुढच्या महिन्यात मुंबईत त्याच्या पोटावर छोटी शस्त्रक्रिया करून थेट जठरात अन्न पोहोचवणारी नळी बसवायची, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे आणि तारीखही घेतली आहे. तुम्हाला विचारून ठरवायला हवे होते. पण विचारले असते तर आई रडली असती आणि मी आणखी सहा महिने थांबले असते. ते सहा महिने तन्मयकडे नाहीत, असे डॉक्टरांच्या बोलण्यावरून मला वाटले.

तन्मय कुपोषित आहे, असे त्यांनी कागदावर लिहिले तेव्हा हा शब्द आपल्या घराला लागूच होऊ शकत नाही, असे मलाही वाटले. ज्या घरात मुडदुशाचा एकेक काटा वेचून कालवण भातात कुस्करले जाते आणि वर तुपाची धार पडते, त्या घरातले मूल कुपोषित कसे असेल? आई, तुझ्या रांधण्यात काही कमी नव्हते. रांधलेले त्याच्या पोटात पोहोचत नव्हते. आहारतज्ज्ञ बाईंनी तीन दिवस सगळे मोजून लिहायला सांगितले, तेव्हा मी आटवलाची, म्हणजे मऊ शिजवलेल्या भाताची, वाटी भरवण्यापूर्वी काट्यावर ठेवली. ती १८० ग्रॅम भरली. सव्वा तास भरवून झाल्यावर वाटीत उरलेले आणि लाळेऱ्यावर, हनुवटीवर, माझ्या ओढणीवर सांडलेले सारे निपटून मोजले, तर ते ८५ ग्रॅम निघाले. त्यात थोडी लाळही आली असेल, हे खरे; तरीही जवळजवळ अर्धी वाटी बाहेरच राहिली होती. दिवसातून चार वेळा तू असे बसत होतीस. भरवण्यात दिवसाचे तीन तासांहून अधिक जात असतील तर तीच धोक्याची खूण समजावी, असे डॉक्टर म्हणाले आणि मला तुझी कंबर आठवली.

बाबा, तुमच्याबद्दल लिहिताना मला अधिक जपून लिहावे लागते आहे, कारण तुमचा हिशेब कधी चुकत नाही. गेल्या मे महिन्यात तुम्ही त्याला चटईवर निजवून टेपाने मोजले, ९५ सेंटिमीटर उंची आली आणि तेवढ्या उंचीला तेरा किलो वजन ठीकच आहे, असे तक्त्यात पाहून सांगितले. तक्ता बरोबरच होता. पण तन्मयचे गुडघे पुरते सरळ होत नाहीत आणि पाठीचा कणाही एका बाजूला वळला आहे, त्यामुळे असे निजवून मोजलेली उंची खऱ्या उंचीपेक्षा कमी भरते, आणि उंची कमी धरली की वजन आपोआप पुरेसे दिसू लागते. इथे त्यांनी गुडघा आणि घोटा काटकोनात ठेवून टाचेपासून गुडघ्यावरच्या मांडीच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजले. ते ३० सेंटिमीटर आले. त्याला २.६९ ने गुणून त्यात २४.२ मिळवले की उंचीचा अंदाज येतो; तुम्ही करून पाहालच, उत्तर १०५ च्या जवळ येते. त्या उंचीला १३ किलो २०० ग्रॅम हे वजन फार कमी आहे. वयाच्या मानाने पाहिले तरी सात वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन २३ किलोच्या आसपास असते आणि अठराच्या खाली गेले की काळजीचे मानतात.

'अशी मुले बारीकच असतात' हे वाक्य आपण सगळ्यांनी इतकी वर्षे ऐकले, एका डॉक्टरांच्याही तोंडून ऐकले, आणि मीही ते नातेवाइकांना ऐकवत आले. तन्मयसारख्या सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणाऱ्या, मुलांसाठी वाढीचे वेगळे तक्ते आहेत आणि त्यात तन्मय फारसा मागे दिसत नाही, हे कळल्यावर मी क्षणभर सुटकेचा श्वासही सोडला होता. परंतु त्या तक्त्यांत ही मुले कशी वाढली एवढेच नोंदलेले असते, कशी वाढायला हवी होती ते नसते. त्यांतली कित्येक अर्धपोटीच वाढलेली असणार. युरोपातील बालपोटविकार आणि पोषण तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही कुपोषण ओळखण्यासाठी ते तक्ते वापरू नयेत, असेच म्हटले आहे. त्यापेक्षा दंडाच्या मागच्या बाजूची कातडी चिमट्यासारख्या यंत्रात धरून तिची जाडी मोजतात. तन्मयचे गाल आणि पोट पाहून आपण फसलो. दंडावर चरबी जवळजवळ नव्हती.

आणि त्याचे पाय, आई. पावसाळ्यात त्याचे तळवे थंडगार आणि निळसर पडत, म्हणून तू माझे जुने लोकरी मोजे शोधून काढलेस आणि रात्री आपल्या तळहातांत धरून चोळत बसलीस. माझे गोवर आले होते तेव्हाही तू अशीच बसली होतीस. मला फक्त खोबरेल तेलाचा वास आठवतो. ते गारठणे हवेमुळे असेल असे आपल्याला वाटले. हातापायांचे रक्ताभिसरण मंदावणे आणि माकडहाडावरची ती जखम महिना महिना न भरणे, ही दोन्ही कुपोषणाची लक्षणे असतात, हे आपल्याला कुणी सांगितले नव्हते.

वर्षभरात त्याला तीनदा कफ होऊन ताप आला, त्याचेही कारण सापडले. बेरियम मिसळलेले पाणी पाजून क्ष-किरणांखाली त्याचे गिळणे पाहिले, तेव्हा पातळ घोट श्वासनलिकेत उतरताना आम्हाला पडद्यावर दिसला आणि तो खोकलासुद्धा नाही. पाणी प्यायल्यावर त्याचा आवाज ओलसर, घरघरता होतो, त्याचा अर्थ हाच होता.

नळीची कल्पना भयंकर वाटते, हे मला मान्य आहे. मीही आठवडाभर जेवले नाही. पण ती नाकातून नसते, कपड्याखाली झाकली जाते, जखम भरल्यावर त्याला आंघोळ घालता येते आणि पुढे तिच्या जागी लहानसे बटण बसवता येते. त्याचे तोंड कायमचे बंद होणार नाही. गिळण्याच्या थेरपिस्ट बाई परवानगी देतील तेव्हा दाट पेजेचे दोन-तीन चमचे चवीपुरते तूच त्याला द्यायचे आहेत. खाणे सुरुवातीला हळूहळूच वाढवतील, कारण फार दिवस कमी खाल्लेल्या शरीराला एकदम भरपूर दिले तर रक्तातील फॉस्फेट धोकादायकरीत्या उतरू शकते. फिटच्या औषधामुळे हाडे कमकुवत होऊ नयेत म्हणून ड जीवनसत्त्वही तपासले आहे. इथे त्याची खाट खिडकीशी ठेवली आहे; समुद्राची गाज आचऱ्यासारखी ऐकू येत नाही, तरी वारा येतो. मी शाळेतून तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आहे.

आता तुम्ही माझे ऐकायचे आहे. आईने कंबरेचा एक्स-रे याच आठवड्यात काढायचा आणि विहिरीवरून कळशी आणायची नाही. नळ त्यासाठीच घेतला आहे. बाबांनी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणे बंद करून रोज घ्यावी. मुंबईला येण्याचा हट्ट कुणीही धरू नये. रामेश्वराला गाऱ्हाणे घालायचे असेल तर अवश्य घाला, मात्र त्यात 'आमचे काही चुकले असेल तर' हे शब्द घालू नका. तन्मय दोन वर्षे तुमच्याकडे होता आणि त्याला वाचवून ठेवलेत ते तुम्हीच. मोजमाप घ्यायचे राहिले, ते माझ्याकडून राहिले.

त्याला बरे वाटल्यावर आम्ही चौघे येऊ. नाचणीचे पीठ कुणाबरोबर तरी पाठवून द्या. ते पातळ गाळून नळीतून देता येईल का, हे मी आहारतज्ज्ञ बाईंना विचारते आहे.

आपली,
सुमी

ता. क. बाबा, माजघराच्या चौकटीवर दादाच्या आणि माझ्या खुणांखाली तुम्ही तन्मयच्या नावापुढे पेन्सिलीने ९५ लिहिले आहे. ते खोडू नका, शेजारी 'गुडघा ३०' एवढेच लिहून ठेवा. दर सहा महिन्यांनी पुढचा आकडा मी कळवीन.