चार देऊन एक

चि. सानूस,
अनेक आशीर्वाद.

तुला ताप आला होता हे परवा दादाच्या तोंडून निसटलं. बाबांचा घास हातातच राहिला. आता बरी आहेस, फोनवर आवाजही नीट वाटला, तेव्हा त्यावर काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

रविवारी परत कॅटनचा पट मांडला, तोच आपला विटा-गहू-मेंढ्यांच्या पत्त्यांची देवघेव करत रस्ते नि गावं वसवायचा खेळ. तुझ्या जागी वहिनी. तिला अजून रस्ता कुठून काढायचा ते कळत नाही, पण घासाघीस काय करते! एका विटेवर दादाकडून दोन गहू उकळले. आजी खूश. आजी स्वतः भाजीवालीकडे कोथिंबीर वर मागावी तशी मेंढी मागते, ठाऊकच आहे तुला. चोराची सोंगटी काही सापडली नाही, बुद्धिबळातलं काळं प्यादंच चोर. फाशांवर सात पडले की ‘मेला आला!’, आणि सातच्या वर पत्ते असले तर अर्धे टाकायचे यावर दर डावाला भांडण.

तू मात्र कधी कुणाकडे मागितलं नाहीस. एका मेंढीवाचून तुझं गाव अडलेलं, दादाच्या हातात मेंढ्याच मेंढ्या, आणि तू निमूटपणे चार विटा खेळातल्या बँकेत भरून एक मेंढी घ्यायचीस. मी जन्मभर बँकेत नोकरी केली. असलं गिऱ्हाईक काउंटरवर आलं असतं तर मीच समजावून परत पाठवलं असतं. बंदर असलं तर तिनात, दोनात तरी भागतं. तू तेही बघायची नाहीस.

तरी जिंकायचीस, हे खरं. सातवीत होतीस. दोन फाशांचे 36 प्रकार, त्यांत सहा आणि आठ पाच-पाच प्रकारे पडतात, बारा एकाच, म्हणून गाव कुठं लावायचं ते तूच आम्हाला शिकवलंस. पटावरच्या आकड्याखालचे ठिपके तेच सांगतात, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाबांनी ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं. तुझ्यासमोर बोलत नाहीत, एवढंच.

39 म्हणजे आपला 102 होतो, बाबांनी हिशेब केला. एवढ्या तापात ट्रामनं जाऊन औषध आणलंस म्हणे. शेजारच्या खोलीत नाशिकची मुलगी राहते ना? तिचं दार वाजवायला काय झालं होतं? ‘कुणाला त्रास नको’ हे तुझं जुनंच पालुपद. अगं, ती घरापासून तितकीच लांब आहे, उद्या तिलाही कुणाचं दार वाजवावं लागेल, आणि तू असं तोंड मिटून राहिलीस तर ती तरी कशी येईल तुझ्याकडे… झालं, सुरू झाले मी. रागावू नकोस. पत्राचं भाषण होणार हे बाबांनी आधीच सांगितलं होतं.

एक गंमत सांगायची राहिली. कॅटन करणारा क्लाउस टॉयबर तुमच्या डार्मस्टाटशेजारच्या रोसडॉर्फला राहायचा. व्यवसाय दातांच्या कवळ्या-बिवळ्या करण्याचा, आणि उरलेल्या वेळात तळघरात खेळ जुळवत बसायचा. नवा खेळ आधी बायकोमुलांना खेळायला लावायचा. 1995 साली कॅटन आला, जर्मनीतला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळही ठरला, तरी गड्यानं दातांचं काम आणखी काही वर्षं सोडलं नाही. 2023च्या एप्रिलमध्ये गेला तेव्हा बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आजीनं लगेच कवळी काढून हात जोडले. रोसडॉर्फला जाऊन ये एकदा. एकटी नको.

शिरीषकाका पुढच्या आठवड्यात फ्रँकफर्टला उतरतायत. त्यांच्याबरोबर मेथीचे लाडू, थर्मामीटर आणि तुझी ती निळी शाल देते आहे. लाडवांचे डबे दोन आहेत, एक नाशिककरणीला. फुकट देऊ नकोस हं, बदल्यात तिच्याकडून काहीतरी माग. लोणचं माग, छत्री माग.

आणि ताप उतरला तरी खोकला मागे राहतो. तो आहे का, ते दादाला नाही, मला कळव.

तुझी,
आई